पास झालेले कप

रेवणप्पा कुंभाराच्या हातात दोनशे कपांचा हुकूम पडला तो २४ मार्च १९६० रोजी, गुरुवारी. एक मेला नवे राज्य होणार होते. उस्मानाबादेत कचेरीसमोरच्या मैदानावर समारंभ होता आणि पाहुण्यांना चहा द्यायचा तो जिल्ह्यातच घडलेल्या कपांतून, असे खात्याने ठरवले होते. हुकमावर उद्योग निरीक्षक आण्णासाहेबांची सही होती. सहीच्या वर एक ओळ मागाहून वेगळ्या शाईत घातलेली होती: 'प्रत्येक नगाच्या बुडाशी मंजूर खूण असावी, खूण नसलेला नग केंद्राचा धरला जाणार नाही.'

ही ओळ रेवणप्पाने बायकोला, सत्यभामाला, दोनदा वाचून दाखवली.

"कळलं की," ती म्हणाली. "आता जेवा."

नळदुर्गच्या मातीकाम केंद्रात रेवणप्पा अडीच वर्षे कारागीर म्हणून होता. केंद्र म्हणजे पत्र्याची एक शेड, विटांची एक भट्टी, पायाने फिरवायची दोन चाके आणि हाताखाली दोन गडी. घर अणदूरला, रोज सकाळी सायकलवर पाऊण तास जायचे, संध्याकाळी तितकाच वेळ यायचे. त्याआधी खात्याने त्याला दक्षिणेतल्या एका सरकारी शाळेत अकरा महिने पाठवले होते. तिथे तो झिलई करायला शिकला, आणि आणखी एक गोष्ट शिकला. तिथले मास्तर भांडे चाकावरून उतरवले की बुडाशी आपली खूण उठवत. भांडे विकले गेले, दहा हात फिरले, तरी कुणाचे ते उलटे केले की कळते. रेवणप्पाच्या घरात सात पिढ्या गाडगी झाली होती. त्यातले एकही गाडगे कुणाचे म्हणून ओळखता आले नसते.

परत आल्यावर त्याने बेलाच्या पानाचा एक छोटा शिक्का भाजून तयार केला आणि तो वापरायची परवानगी मागितली. सात अर्ज झाले. आण्णासाहेब पहिल्या अर्जाला हसले होते.

"गाडग्यावर सही? उद्या न्हावी म्हणेल, मी डोक्यावर करतो."

आठ महिन्यांनी परवानगी आली. त्यामुळे हुकमातली ती ओळ त्याच्या दृष्टीने बाकी सगळ्या हुकमापेक्षा मोठी होती. तोंडी आणखी एक सांगण्यात आले होते: केंद्राची मंजुरी दरसाल तात्पुरती मिळते, हे कप चांगले उतरले तर भट्टी कायमची होईल.

अडचण मातीची होती.

या भागातल्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. भांडे बाहेर निघते तेव्हा चांगले दिसते, टिचकी मारली तर वाजतेही. मग हवेतली ओल आत शिरते, चुना फुगतो आणि वरची कपची उडवून बाहेर येतो. कधी चार दिवसांनी, कधी महिन्याने. अणदूरचे कुंभार त्याला लाही फुटणे म्हणतात. त्यावर रेवणप्पाच्या घरचा उपाय ठरलेला होता. गावचा खंडोबा मार्गशीर्षात नळदुर्गला जातो आणि पौष पौर्णिमेची जत्रा झाली की अणदूरला परततो. देव नळदुर्गला असेल तेवढेच दिवस तळ्याची माती उकरायची, घरामागच्या खड्ड्यात टाकायची आणि तिला एक अख्खा पावसाळा दाखवायचा. माती भिजते, फुगते, उन्हाने उकलते, खडे सुटे होतात. ते हाताने वेचायचे. मगच ती चाकावर चढवायची. देव घरी असताना जमिनीला हात लावायचा नाही, एवढेच कारण रेवणप्पाचे वडील वीरप्पा सांगत. बाकीचे सांगायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

त्या मार्चमध्ये घरामागे दोन खड्डे होते. एकात आदल्या सालची, पावसाळा पाहिलेली माती, पण ती संपत आलेली. दुसरा या मार्गशीर्षात भरलेला, तोंडापर्यंत.

"आप्पा, त्या दुसऱ्यातली द्या."

"त्या मातीनं पाऊस बघितला न्हाय."

"म्या चाळून घेतो. शाळंत शिकवलंय, ऐंशी नंबरच्या जाळीतनं गाळली की चुना मागं ऱ्हातो. पावसाची वाट बघावी लागत न्हाय."

"जाळी कुठं हाय?"

जाळी कुठेच नव्हती. रेवणप्पाने ती १९५८ च्या पावसाळ्यात मागितली होती. पहिल्यांदा उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा उत्तर आले की जाळी म्हणजे काय ते खुलासेवार कळवावे. तिसऱ्यांदा नळदुर्गच्या थांब्यावर एसटीच्या टपावरून एक चाळणी उतरली, मुरूम चाळायची. तिच्या भोकातून लिंबू गेले असते.

"मागवलीय."

"मंग आली की ये," वीरप्पा म्हणाले.

जुन्या खड्ड्यातली माती त्यांनी सगळी दिली. तिच्यात ऐंशीच्या आसपास कप निघाले असते. उरलेल्यांसाठी रेवणप्पा उस्मानाबादला जाऊन आला. आण्णासाहेबांनी आधी अणदूरच्या तळ्यावर मजूर लावतो म्हणून सांगितले.

"आत्ता उकरता येत न्हाय, साहेब. देव घरी हाय."

आण्णासाहेबांनी शेजारच्या कारकुनाकडे पाहिले. "ऐकलंत? यांच्या खड्ड्याला देवाचं वेळापत्रक आहे." मग ते गंभीर झाले. "रेवणप्पा, तुम्हाला सरकारनं अकरा महिने शिकवलं ते यासाठी? बोरी नदीच्या काठची माती खात्यानं तपासून मंजूर केली आहे. परवा लॉरी येईल."

लॉरी आली. माती दिसायला चांगली होती, चिकट, करड्या रंगाची. रेवणप्पाने ती बोटांत चुरली, जिभेला लावली; बारीक खडे लागले. सत्यभामाचे जुने लुगडे दुहेरी करून तो पहिले दोन दिवस गाळत राहिला. दोन दिवसांत अकरा बादल्या झाल्या. या हिशेबाने कप जूनमध्ये झाले असते. तिसऱ्या दिवशी त्याने घरची पिठाची चाळण आणली; तिची भोके मोठी, पण काम भरभर होई.

चूक झाली ती इथे, आणि ती त्याला त्याच वेळी कळली होती. दुसरी चूक त्याला कळली नाही. जुन्या मातीचे कप आणि लॉरीच्या मातीचे कप त्याने एकाच फळीवर वाळवले, एकाच भट्टीत भाजले, एकाच पिपातल्या झिलईत बुडवले आणि सगळ्यांच्या बुडाशी एकच बेलाचे पान उठवले. मास्तरांनी शिकवले होते की कारागिराचा सगळा माल एकसारखा दिसला पाहिजे. तो तसा दिसत होता. मधाच्या रंगाची झिलई, काठाशी थोडी गडद, कान अंगठ्याला बरोबर बसणारा. अडीच वर्षांत इतके चांगले काम त्याच्या हातून झाले नव्हते.

२२ एप्रिलला दोनशे चार कप भट्टीतून निघाले. चार त्याने घरी ठेवले. दोनशे पेंढ्यात बांधून उस्मानाबादला गेले. आण्णासाहेबांनी दर दहावा कप उचलून फाउंटन पेनच्या टोपणाने वाजवला, एक उलटा करून पान पाहिले आणि पासाच्या कागदावर सही केली. भांडारपाल बब्रुवानने खोके कोठीत रचले, दाराला कुलूप घातले आणि कुलपावर लाखेचा शिक्का मारला.

चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी, सत्यभामाने सासऱ्यांना चहा दिला तो त्या चारांपैकी एका कपातून. वीरप्पांनी अर्धा पिऊन खाली ठेवला. जिभेवर काहीतरी आले होते. त्यांनी ते बोटावर घेतले. ज्वारीच्या कण्याएवढी कपची होती, एका बाजूने मधाच्या रंगाची. कपाच्या आतल्या अंगाला तेवढाच खड्डा पडला होता आणि त्याच्या मधोमध पांढरा ठिपका.

"रेवण," त्यांनी हाक मारली. "लाही."

रेवणप्पाने कप उजेडात धरला. नंतर बाकीचे तीन आणले. एक ठणठणीत होता. दुसऱ्याच्या बाहेरच्या अंगावर दोन ठिपके होते. तिसऱ्यावर काहीच दिसत नव्हते, पण अंगठा फिरवल्यावर कानापाशी झिलई उचललेली लागली.

"पिठाची चाळण आमची न्हेली व्हती ती ह्याच्यासाठी," सत्यभामा म्हणाली. तिने ते टोचून म्हटले नव्हते, पण रेवणप्पा ओरडला, "गप बस की!" आणि ती आत गेली.

वीरप्पा कपाकडे बघत होते. "आवा उतरला की आमी गरम गाडग्यावर पाणी मारतो. चुना तिथंच मरतो. तू मारलं न्हाईस?"

"झिलईच्या भांड्यावर गरमागरम पाणी मारलं तर झिलई तडकंल, आप्पा."

"मंग आता उकळत्या पाण्यात घाल. जे फुटायचं ते फुटंल. जे ऱ्हाईल ते जन्मभर ऱ्हाईल."

"माझ्याजवळ हायत कुठं? कुलपात हायत."

"तुझंच हायत न्हवं? माग."

बुधवारी सकाळी पहिल्या एसटीने रेवणप्पा उस्मानाबादला पोचला. फुटलेला कप त्याने धोतराच्या फडक्यात बांधून आणला होता. बब्रुवान कोठीच्या दारात स्टुलावर बसून पान लावत होता.

"बब्रुवानराव, माल परत पायजे."

"कुणाला?"

"मला. त्यात खोट हाय. निवडून द्यायचंय."

बब्रुवानने फडक्यातला कप पाहिला. "हा आमचा न्हाय. आमचे दोनशे हायत, मोजून. हा घरचा दिसतोय."

"एकाच भट्टीतला हाय."

"आसंल. पण आमच्यातला एक बी फुटला न्हाय."

"उघडून बघितलंत का?"

"लाखेचा शिक्का हाय की. कसं उघडणार?" बब्रुवानने पान तोंडात घातले. "आन् समजा उघडलं, फुटका निघाला, तर तो कोठीत फुटला आसं व्हनार. म्हंजे म्या फोडला. तुमी घरला जा, रेवणप्पा. माल पास झालाय. पास झालेला माल फुटत नसतो."

आण्णासाहेब मैदानावर मांडवाचे खांब मोजत होते. ऊन टाळूवर आले होते. त्यांनी कप हातात घेतला, खड्ड्यात नख घातले, परत दिला.

"एवढ्यानं काय होतं?"

"चहात कपची पडती, साहेब. आन् चुना हाय त्यो, तोंड भाजंल. दोनशेपैकी शंभरावर तसे निघतील. परत द्या, म्या उकळून निवडतो. जेवढे चांगले तेवढेच वापरा."

"आणि बाकीच्या पाहुण्यांना काय ओंजळीतून पाजू?"

"दुसरी भांडी—"

"रेवणप्पा, जिल्ह्यात घडलेल्या कपांतून चहा, असं मी वर लिहून कळवलंय. पासावर माझी सही आहे. आता मी लिहू की माल खराब होता आणि मी तो पास केला?" ते खांबाकडे वळले, मग पुन्हा मागे. "एक मला सांगा. सात अर्ज कुणी केले होते? माझी खूण, माझी खूण. मिळाली ना खूण? आता तिला भिता कशाला?"

रेवणप्पाने कप पुन्हा फडक्यात बांधला.

कचेरीच्या फाटकासमोर मकबूलचे हॉटेल होते. चार बाकडी, एक भट्टी, पुढे शहाबादी फरशीच्या तीन पायऱ्या. रेवणप्पा तिथे जाऊन बसला आणि त्याने चहा मागितला. समारंभाच्या चहाचे काम मकबूललाच मिळाले होते. फडक्यातला कप बघून त्याने तो उचलला.

"ये तो अपनेच कप! असले दोनशे येणारेत माझ्याकडं. उद्या सकाळी. धुऊन पुसून ठेवायचे म्हणून हुकूम आलाय."

रेवणप्पाने मान वर केली. "तुमच्याकडं? कोठीतनं भाईर?"

"मग काय साहेब धुणार? का बब्रुवान?"

"मकबूलभाई, धुताना उकळता येतील का?"

मकबूलला सगळे समजावून सांगायला वेळ लागला. आतल्या बाजूला त्याची आई ताहेराबी कांदे चिरत बसली होती. तिला ते लवकर समजले.

"लग्नाची देग हाय घरात," ती आतूनच म्हणाली. "पन्नास कप एका टायमाला बसतात. पण बाबा, फुटले तर आमच्या अंगावर नको यायला."

"उकळून फुटत न्हाईत, खालाजान. जे आतून फुटलेलेच हायत त्ये भाईर दिसतात."

"माणसासारखंच मग," ताहेराबी म्हणाली आणि पुन्हा कांद्याला लागली.

गुरुवारी सकाळी बब्रुवानने खोके हॉटेलात आणून दिले, दोनशेच्या पावतीवर मकबूलचा अंगठा घेतला आणि तो गेला. देग चुलीवर चढली. चार खेपा झाल्या. प्रत्येक खेप तासभर उकळली. मग कप चटईवर पालथे मांडून ओल्या गोणपाटाखाली ठेवले. रेवणप्पा रात्री हॉटेलातच बाकड्यावर झोपला.

शुक्रवारी सकाळी गोणपाट काढले तेव्हा चटईवर कपच्या पडल्या होत्या. सकाळभर तिघांनी एकेक कप उजेडात फिरवून पाहिला. चांगले एकीकडे, डागी दुसरीकडे. ताहेराबीची नजर कमी झाली होती. ती बोटाने तपासत होती. दुपारपर्यंत काम संपले. चांगले एकाहत्तर. डागी एकशे एकोणतीस.

"एकाहत्तर तर एकाहत्तर," रेवणप्पा म्हणाला. त्याला बरे वाटले होते. पहिल्या रांगांपुरते झाले असते, आणि त्या एकाहत्तरांबद्दल तो कुणालाही तोंड दाखवू शकला असता. जुन्या खड्ड्यातल्या मातीने दगा दिला नव्हता.

शनिवारी अकरा वाजता आण्णासाहेब चहाची व्यवस्था बघायला आले. दोन ढीग बघून ते पायरीवरच थांबले.

"हे काय?"

मकबूलने रेवणप्पाकडे बघितले. रेवणप्पाने सांगितले.

"म्हणजे पास झालेला सरकारी माल तुम्ही उकळून फोडलात."

"फोडला न्हाय, साहेब. फुटका होता त्यो दिसाय लागला."

"काल दिसत नव्हता, आज दिसतो. मधे तुम्ही उकळलात. यातून दुसरा अर्थ काय काढायचा?" त्यांनी डागी ढिगातला एक कप उचलला, आत पाहिले, फुंकर मारली. "यात चहा राहतो की नाही?"

"ऱ्हातो. पण—"

"मग झालं. ते एकाहत्तर पुढच्या रांगांना. हे मागच्यांना. कपच्या पडल्यात त्या पडल्या, खरवडून धुऊन घ्या. लोक चहा पितात, कपाचं पुस्तक वाचत नाहीत."

"साहेब, मागं बसणारी बी माणसंच हायत. म्या हे फोडून टाकतो. माझं नुकसान. मला काय नको त्याचं."

"हात लावून बघा. दोनशे नग आहेत ते दोनशेच राहिले पाहिजेत. एक कमी भरला तर नासधूस म्हणून तुमच्या नावावर लिहीन, आणि केंद्र जूनच्या ऐवजी उद्या बंद करीन." ते दोन पायऱ्या उतरले आणि बोलायच्या ओघात बाहेर पडलेला शब्द त्यांच्याच लक्षात आला. "करायचं म्हटलं तर," ते म्हणाले, आणि मांडवाकडे गेले.

जूनमध्ये केंद्र बंद होणार हे रेवणप्पाला असे कळले.

तो डागी ढिगाजवळ उकिडवा बसला. मकबूलने आणून ठेवलेला चहा निवला. रस्त्याने मांडवासाठी केळीचे खुंट घेऊन एक बैलगाडी गेली. ताहेराबी म्हणाली, "रडू नको, बाबा," आणि तो म्हणाला, "रडत न्हाय." तो खरोखरच रडत नव्हता, एक कप उलटा धरून बुडाकडे बघत होता. बुडाला झिलई नसते, ती भट्टीत खाली चिकटू नये म्हणून पुसून घेतात. तांबड्या उघड्या मातीत बेलाची तीन पाने स्वच्छ उठलेली होती.

त्याने कप शहाबादी पायरीवर टेकवला, पाण्याचा शिपका मारला आणि बूड फरशीवर घासायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, गोल. सहाणेवर खोड घासावे तसे. थोड्या वेळाने उलटा करून पाहिला. मधले पान गेले होते. आणखी घासल्यावर दोन्ही गेली.

"ये क्या करते?" मकबूल म्हणाला.

"नग कमी करायचा न्हाय म्हणलेत. खूण कमी करू नका, आसं म्हणले न्हाईत."

मकबूलने पायरीवर बैठक मारून एक कप उचलला. थोड्या वेळाने ताहेराबीही आली. दुपार उतरेपर्यंत ते तिघे घासत होते. गिऱ्हाईक आले तर मकबूल उठून चहा टाकी आणि परत येऊन बसे. एक दोघांनी विचारले, त्याने सांगितले, "कपाला धार लावतो." बोटांची टोके सोलली. तांबडे पाणी तिन्ही पायऱ्यांवरून रस्त्याच्या मातीत उतरले. ताहेराबीने पदराने कपाळ पुसले तर तिथेही तांबडा पट्टा उमटला. एकशे एकोणतीस कप संपले तेव्हा कचेरीची घंटा पाच वाजल्याचे सांगत होती.

रविवारी समारंभ झाला. पुढच्या सहा रांगांनी चांगल्या कपांतून चहा घेतला. कुणी कप उलटा करून पाहिला नाही. मागच्या रांगांत एका मास्तरांनी घोट थुंकला आणि कपाचा काठ बोटाने चाचपला. चहा लोकांना आवडला. मकबूलचे दोघांनी कौतुक केले. रेवणप्पा मांडवाबाहेर कडुनिंबाखाली उभा होता. टाळ्या वाजल्या तशा त्यानेही वाजवल्या, आणि संध्याकाळच्या गाडीने अणदूरला गेला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रात पत्र आले. रेवणप्पाने ते शेडच्या दारात उभे राहून वाचले. कोठीच्या वार्षिक तपासणीत असे आढळून आले होते की दोनशे नगांपैकी एकशे एकोणतीस नगांच्या बुडाशी मंजूर खूण नाही. सबब हुकमातील अटीप्रमाणे सदर नग केंद्राचे धरता येत नाहीत. ते परत पाठवण्यात येत आहेत. पुढच्या परिच्छेदात होते की केंद्राने दोनशेपैकी फक्त एकाहत्तर नग पुरे केल्याचे त्यावरून सिद्ध होत असल्याने केंद्राची मंजुरी तीस जूननंतर वाढवण्यात येणार नाही. भट्टीला कुलूप लावून किल्ली पाठवावी. सही आण्णासाहेबांची होती.

त्याने पत्र दुसऱ्यांदा वाचले. एप्रिलमध्ये कोठीच्या दारात, मांडवात, पायरीवर त्याने जे मागितले होते, डागी माल परत, ते त्यात अक्षरश: मंजूर झाले होते. फक्त मागितले त्या कारणासाठी नव्हे.

खोके एका लॉरीने अणदूरच्या रस्त्यावर उतरवले. ड्रायव्हरने विचारले, "आत काय हाय?" आणि रेवणप्पाने सांगितले, "काय न्हाय."

वीरप्पा आणि तो खोके गावाबाहेर, तळ्यापासून आणि खड्ड्यांपासून लांब, एका ओघळीत घेऊन गेले. चुन्याचा कणही घरच्या मातीत जायला नको होता. रेवणप्पा एकेक कप दगडावर आपटत होता. जूनच्या दमट हवेने त्यांच्यावर आणखी ठिपके उमटले होते. काही हातात घेतानाच काठाला सुटत होते. वीरप्पा बाजूला बसून खोक्यातून कप काढून देत होते. शेवटच्या खोक्यात तळाशी एक कप त्यांनी काढला तो दिला नाही. त्याच्यावरून अंगठा फिरवला, आत बघितले, नखाने वाजवला.

"ह्येच्यावर काय न्हाय."

रेवणप्पाने घेऊन पाहिला. एकही ठिपका नव्हता, झिलई कुठे उचललेली नव्हती. जुन्या खड्ड्यातल्या मातीचा होता. ताहेराबीच्या बोटांना कशाचा तरी भास झाला असेल आणि तो चुकीच्या ढिगात पडला असेल. बूड त्याने उलटे केले. ते साफ घासलेले होते, आरशासारखे.

भाजलेल्या भांड्यावर शिक्का उठत नाही.

घरी सत्यभामाने त्याच कपातून सासऱ्यांना चहा दिला. वीरप्पांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि कप दाराच्या उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला. नवीन भांडे ते नेहमी असेच बघत.

"हात बरा हाय," ते म्हणाले. "कुणाचा म्हणायचा ह्यो?"

रेवणप्पा घरामागच्या दुसऱ्या खड्ड्यावरची झावळी काढत होता. ती माती आता पाऊस बघणार होती आणि चाकावर यायला दिवाळी उजाडणार होती. तोवर नळदुर्गच्या भट्टीचे कुलूप गंजायला लागले असते.

"ठाऊक न्हाय," तो म्हणाला. "खूण कुठं हाय त्याच्यावर?"